दोर धरणारा

तीनशे अकरा वेळा गेलोय मी
एका समुद्रातून दुसऱ्यात.
समुद्रावर एकदाही नाही.

हे राग्नहिल्डबाईंना मी सांगितलं नाही.
त्यांनी विचारलं एवढंच, दोर धरता येतो ना?
मी तळवे दाखवले.

कोलोनच्या धक्क्यावर दुपारी तीनला
प्लॅस्टिकात गुंडाळलेले टायर बांधले होडीच्या दोन्ही अंगांना.
मागच्या आठवड्यात हेच टायर एका फ्रेंच जोडप्याचे होते,
त्याआधी कुणाचे ते टायरांनाच विचारा.
चार दोर, सव्वाशे सव्वाशे फुटी, भाड्याचे.
भाचा डॅरिएल मागे, दोन डच पोरं डावीकडे, मी नाळेवर.
बाई सुकाणूला, अडुसष्ट वर्षांच्या, गुडघ्याला पट्टा,
आणि सल्लागार सेन्योर किरोस,
ज्यांना नियमाप्रमाणे गरम जेवण द्यावं लागतं
आणि सीलबंद पाणी.

गातूनच्या पहिल्या हौदात आमच्यापुढे
मोटारींनी भरलेलं एक जहाज,
खिडक्या करायच्या राहून गेलेल्या इमारतीसारखं.
भिंतीवरून गाठ आली भिरभिरत,
माकडमूठ म्हणतात तिला, काच फोडते, कपाळही.
दारं मिटली.
पाणी खालून उकळल्यासारखं फुगलं
आणि आम्ही चढू लागलो, शेवाळाची एकेक रेघ बुडवत.
चढताना दोर ओढून घ्यायचा, ढिला पडू द्यायचा नाही.
एवढंच शास्त्र.
बाकी सगळं पाणी करतं.

दुसऱ्या दिवशी तळ्यात, दहाच्या सुमाराला,
इंजिन खोकलं आणि थांबलं.
पाणी ओढायच्या भोकात तांदळाची पिशवी.
डॅरिएल पाना घेऊन खाली उतरला, शिव्या देत.
होडी वाहत गेली बोयांच्या रांगेबाहेर,
जिथं खुंट अजून पाण्याबाहेर डोकं काढून आहेत,
शंभर वर्षं भिजून न कुजलेले.
बाई खोलीचे आकडे मोठ्यानं वाचत होत्या,
एकोणीस. अठरा. चौदा.
टेकडी असेल, मी म्हणालो. गाव होतं इथं.
कुणाचं?
पणजीचं. तिची नाळ पुरलीय खाली,
विलायती फणसाच्या बुडाशी.
ती सांगायची, पाणी काही धावत आलं नाही.
उंबऱ्याशी थांबलं चार दिवस,
पाहुण्यासारखं.

बाई काही बोलल्या नाहीत.
उठल्या, आणि पुढचं शीड सोडलं.

कालव्यात शीड लावायला मनाई आहे. तसं छापलंय.
सेन्योर किरोस यांनी ताट मांडीवर घेतलं
आणि कोंबडीच्या तंगडीकडे असं पाहिलं
जसं तिच्यावर बारीक अक्षरात काही लिहिलंय.

अकरा मिनिटं.
नाळेखाली पाण्याचा आवाज,
कुणी हळूहळू शिवत असावं तसा.
तीनशे दहा वेळा या डोलकाठ्या मी पाहिल्यात,
सामानासारख्या.

मग खालून डॅरिएल ओरडला, झालं!
इंजिन धडधडलं, शीड गुंडाळलं.
सेन्योर किरोस म्हणाले, मीठ कमी आहे.

उतरताना सगळं उलटं.
दोर सोडत जायचा, हातभर, हातभर.
घट्ट धरून बसलात तर होडी भिंतीला टांगून राहते
आणि पाणी निघून जातं.
हे नव्या पोरांना दोनदा सांगावं लागतं.

मिराफ्लोरेसचं शेवटचं दार उघडलं
तेव्हा पेलिकन येऊन बसलेच होते.
गोड्या पाण्यातले मासे खाऱ्यात भेलकांडतात,
ती वेळ त्यांना पाठ.

बाल्बोआला बाईंनी ठरलेले पैसे दिले,
वर अर्धा डबा कॉफी.
मार्केसस बेटं, म्हणाल्या, महिनाभर लागेल.
आणि म्हणाल्या, एक बिछाना रिकामा आहे.

मी दोर गुंडाळत होतो, वेढे मोजत.
डॅरिएलनं माझ्याकडे पाहिलं.
शुक्रवारी दोन होड्या आहेत, मी म्हणालो.

दोन दिवसांची वाट, बसनं दीड तास.
दोरांची पोती पायाशी.
चिलिब्रेच्या चढावर कंडक्टर आला,
काका, तुमचं काहीतरी गळतंय.

खरंच, पोत्यातून धार निघाली होती,
मागच्या सीटांकडे.
डॅरिएलनं बोट बुडवून जिभेला लावलं.

मी विचारलं नाही.